चावडीच्या भिंतीतली पाटी आणि आण्णांची घरपट्टी : पालिकेने दोन्ही सांभाळावं का?

वेशीवरचा
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वेगवेगळ्या वाटतील, पण मला त्या एकच वाटतात, म्हणून एकाच धाग्यात लिहितोय.

आमचं गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं, त्या वेळच्या २३ गावांमधलं एक. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काम अजून चालू आहे आणि कुणाला अडचणीत आणायचं नाही. गावात जुनी चावडी आहे. दगडी जोतं, चार सागवानी खांब, वर कौलं. आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीत दीड-दोन फुटांची संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ च्या महायुद्धावर या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढंच तिच्यावर आहे. नावं नाहीत, आकडे आहेत. दर पंधरा ऑगस्टला भिंतीबरोबर पाटीलाही ऑइलपेंटचा हात बसत आला, त्यामुळे आता अक्षरं बोटानेच वाचावी लागतात. लहानपणी आम्ही भर उन्हात त्या पाटीला गाल लावून बसायचो, कारण गावात तेवढीच एक गार जागा होती.

गेल्या गुरुवारी ठेकेदाराची माणसं टेप घेऊन आली. चावडीच्या जागी नवी इमारत होणार आहे. खांबांवर लाल रंगाने आकडे टाकून झाले. पाटीचं काय, म्हणून मी विचारलं. तो पोरगा सरळपणे म्हणाला, "ती फरशी का? ती राडारोड्यात जाईल." त्याचा काही दोष नाही, त्याच्या कागदावर पाटी नव्हतीच.

दुसरी गोष्ट आण्णांची. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षं नोकरी, एकाहत्तरची लढाई केलेली, आता वय ८१. ग्रामपंचायत असताना त्यांची घरपट्टी माफ होती. गाव पालिकेत गेलं आणि नव्या नोंदणीचं पूर्ण बिल आलं. आण्णांनी ते निमूटपणे भरलं. अर्ज करा म्हटलं तर म्हणतात, "मी घरपट्टीसाठी भरती झालो नव्हतो."

पाटी आणि आण्णा, दोघंही एका कारभारातून दुसऱ्या कारभारात गेले आणि दोघांचीही नोंद वाटेत राहिली. हे पाहणं स्थानिक संस्थेचं काम आहे असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय? आणि पाटी वाचवायची तर उद्या सकाळी उठून नेमकं काय करू?

मोडीवाचक
सोमवार, रात्री १०:१५

आधी उद्याचं काम. पाटीचे भरपूर फोटो काढा: समोरून, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून. भिंतीत ती कुठे आहे हे कळेल असा लांबूनही एक. रात्री टॉर्च पाटीच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा, रंगाखालचे खड्डे उठून दिसतील. साफ करायच्या भानगडीत पडू नका. विशेषतः बाथरूमसाठी वापरतात ते अॅसिड संगमरवराला लावायचं नाही. फसफसून वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरंही जातात.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने भरती झालेल्या गावांमध्ये अशा पाट्या बसवल्या होत्या. पुणे-सातारा पट्ट्यात चावडी, शाळा, वेस अशा ठिकाणी त्या सापडतात. साताऱ्याचं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. त्या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं. बाकीच्या गावांच्या नशिबी तेवढं नाव आलं नाही. त्यांच्याकडे होती ती एक पाटी.

तुळशीबागेमागे
सोमवार, रात्री ११:०२

पाटीबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण 'वारसा जपा' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. का येतो ते सांगतो.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. १९५८ चा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती, यांनुसार स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. दुरुस्ती करता येते, पण तिलाही ना-हरकत लागते. आमची माडी पावसाळ्यात ताडपत्रीखाली असते. आईला जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो, आणि कठडाही हलतो. हे सगळं आम्ही इतिहासासाठी सोसायचं, आणि इतिहासाने आम्हाला दुरुस्तीला मदत करायची तर कागदांची चळत!

पालिकेच्या यादीतल्या इमारतींना श्रेणी असतात, मालकाला हेरिटेज टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूदही आहे. पण टीडीआर पदरात पडेपर्यंत घर उभं राहायला हवं ना? ज्यांना जपायला सांगता त्यांच्या हातात वेळेवर पैसे द्या. नुसता फलक नको.

टँकरची_वाट
मंगळवार, सकाळी ७:२०

मीही समाविष्ट गावातलीच, वेशीवरचादादांच्या शेजारच्या बाजूची. स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्याकडे आज चौथा दिवस टँकर नाही. रस्त्याला दिवे नाहीत. कचऱ्याची गाडी येते तेव्हा येते. अशा वेळी कुणी पाटीसाठी निधी मागितला तर मी सभेत उभी राहून विरोध करीन. आधी पाणी, मग पाटी. शंभर वर्षं भिंतीत होती, आणखी दोन वर्षं कुणाच्या घरात राहील.

रानवाटा
मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, "कुणाच्या घरात राहील" इथेच घात होतो. आमच्याकडच्या एका गावात मारुतीच्या देवळाबाहेर दोन वीरगळ होते. देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा "तात्पुरते" बाजूला ठेवले. एक आज एका घराच्या मोरीत पालथा आहे. त्यावर कपडे धुतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा दगड. सगळ्यात खाली लढाई, बऱ्याचदा पळवून नेलेल्या गाई आणि त्यांच्यासाठी लढणारा वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहील. त्यावरही नाव क्वचितच असतं. तेव्हाचं गाव दगड घडवून घेत होतं. सरकारने संगमरवरी पाटी बसवली ती त्याच वळणाची. गावाने आपल्या शिपायाची आठवण ठेवायची, ही रीत आपल्याकडे नवी नाही.

सुभेदार_मेजर_निवृत्त
मंगळवार, सकाळी ९:३०

वेशीवरचा, तुमच्या आण्णांना माझा जय हिंद सांगा. मी पण मराठा लाइट इन्फन्ट्रीचाच. आता मुद्द्याचं.

घरपट्टी माफी म्हणजे भीक नाही, हुकूम आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी ही योजना लागू केली, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने. ग्रामपंचायत असो की महापालिका, दोन्हीकडे. एकाच घराला मिळते. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत, घराचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत. हे अधोरेखित करा. आमच्या एका हवालदाराने मूळ डिस्चार्ज बुक एका टेबलावर ठेवलं, ते आजपर्यंत मिळालं नाही. कुठलं टेबल ते लिहीत नाही.

राज्याचं सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यातच, घोरपडीला, युद्धस्मारकासमोर. माजी सैनिकांचं मेस्को महामंडळही पुण्यातलंच. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा कारभार आपल्या शहरातून चालतो. आणि आपल्याच वेशीवरच्या सुभेदाराला माहीत नाही की त्याची माफी त्याने पुन्हा अर्ज करून चालू करायची असते.

माझं मागणं साधं आहे. आम्हाला शाल-श्रीफळ बस्स झालं. सव्वीस जानेवारीला बोलावतात, मांडवात बसवतात, नारळ देतात. मान आहे, नाही म्हणत नाही. पण आमच्यातले निम्मे ऐंशीच्या पुढचे, कुणाच्या गुडघ्यात स्टील, कुणाला ऐकू येत नाही. 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा तर अंगठ्याचा ठसा उमटत नाही, कारण कातडी गुळगुळीत झाली. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस एक टेबल लावा, आणि त्यावर पीपीओ म्हणजे काय हे समजणारा एक माणूस बसवा. नारळाचे पैसे वाचतील.

सॉफ्टवेअरवाली_वाकड
मंगळवार, सकाळी १०:१२

ठसा न उमटण्याबद्दल: चेहरा ओळखून हयातीचा दाखला देता येतो, मोबाइलवर. मी आजोबांचा तसाच केला. दिवसाउजेडी खिडकीसमोर बसवा, चष्मा काढा. आजोबा फोटोसाठी म्हणून सावधानमध्ये बसले आणि डोळेच मिटेनात, अॅप मात्र सांगतंय पापणी लववा! शेवटी आजीने "विश्राम!" म्हटलं तेव्हा पापणी लवली. 🙂

सुभेदार_मेजर_निवृत्त
मंगळवार, सकाळी १०:२०

आजीला सॅल्यूट. अशी कमांड आमच्या हवालदार-मेजरला पण जमली नसती.

चुन्याची_घाणी
मंगळवार, दुपारी १:४५

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. पाटी काढायचीच वेळ आली तर कशी काढायची ते सांगतो, कारण नव्वद टक्के नुकसान त्या अर्ध्या तासात होतं.

पाटी मूळ चुन्यात बसवलेली असणार. नंतर कुणी कडेने सिमेंट फिरवलं असेल तर तेच त्रास देईल. छिन्नी-हातोडा मारायचा नाही, संगमरवर मधोमध तडकतो. चुन्याचा सांधा मऊ असतो, तो करवतीच्या पात्याने हळूहळू कापत यायचं, चारी बाजूंनी. पाटीसमोर आधी फळी आणि गोधडी बांधून ठेवायची, सुटली तर तिच्यावरच येईल. अक्षरांत शिसं भरलं आहे का ते पाहा. काही पाट्यांत असतं, आणि ते उचकटून विकणारेही असतात. सुटल्यावर उभीच ठेवायची, आडवी टाकून वर काही ठेवायचं नाही. ऑइलपेंट नंतर रंग मऊ करणारा लेप लावून, बांबूच्या काडीने काढता येतो. तारेचा ब्रश नाही, ग्राइंडर तर नाहीच नाही.

तुळशीबागेमागे, तुमच्या माडीबद्दल. जुन्या चुन्याच्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा केला आहे का? असेल तर पाणी आत कोंडून तुळयांची टोकं कुजतात. चुना श्वास घेतो, सिमेंट घेऊ देत नाही. कळीचा चुना विरवायचा, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून घाणीत मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर. जुन्या कारागिरांकडे प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. मी शिकलो त्या गवंडीबाबांना वजनकाटा लागायचा नाही. मालाची गोळी करून भिंतीवर फेकायचे आणि तिच्या आवाजावरून सांगायचे, "अजून दोन दिवस मळा." विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे खांब पाहा, नानावाडा पाहा, १८८६ ची मंडई पाहा. या पालिकेच्या ताब्यातल्या वास्तू आहेत आणि तिथे नीट काम झालेलं आहे. म्हणजे पालिकेला हे जमतं. मोठ्या वास्तूंसाठी जमतं ते चावडीसाठीही जमावं, एवढाच प्रश्न आहे.

गुळाचा_चहा
मंगळवार, दुपारी २:१०

गूळ घातला तर मुंग्या नाही का लागत? खरंच विचारतेय.

चुन्याची_घाणी
मंगळवार, दुपारी २:३०

ओल्या मालात चुना इतका जहाल असतो की मुंगी फिरकत नाही. हातमोजे न घालता मळला तर आपलीच बोटं फाटतात.

खडकीबाजार
मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सुभेदार-मेजर साहेबांच्या पोस्टला जोडून. खडकीत १९७४ पासून पक्षाघात झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला गोळी किंवा मार लागून कमरेखालचं शरीर गेलेली ही मुलं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. मी लहानपणापासून बघत आलोय. १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी संस्थाही आता खडकीतच आहे, जखमी सैनिकांना हातचं काम शिकवणारी. वानवडीच्या बाजूला १९४४ चं कृत्रिम अवयव केंद्र. एवढं सगळं एका शहरात.

आणि त्याच शहरात व्हीलचेअर घेऊन फुटपाथवर चढता येत नाही. दुचाक्या चढू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले आहेत, दोघांमधलं अंतर व्हीलचेअरपेक्षा कमी! माझ्या ओळखीचे एक नायक दर वेळी तिथून खाली उतरून रस्त्याच्या कडेने जातात, मागून बस हॉर्न मारते. माझ्या लेखी सैनिकांसाठीची सेवा म्हणजे तो खांब अर्धा फूट सरकवणं. त्याला शासनाचा जीआरही लागत नाही.

आमच्याकडे आणखी एक गुंता आहे, हद्दीचा. रस्त्याची एक बाजू कॅन्टोन्मेंटची, दुसरी पालिकेची. अर्ज इकडे दिला तर तिकडे दाखवतात. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग पालिकेत घ्यायची चर्चा चालू आहेच. तसं झालं तर तुमच्या समाविष्ट गावांचं जे झालं तेच आमचं व्हायला नको. छावणी १८१७ पासूनची आहे. इथे प्रत्येक चर्चमध्ये, प्रत्येक बराकीत पाट्या आहेत. त्या कुठल्या रजिस्टरमध्ये जाणार?

मोडीवाचक
मंगळवार, रात्री ९:१५

थोडं विषयांतर, पण पाटीचंच.

वेशीवरचा, तुमच्या गावची माणसं कुठे गेली असतील याचा अंदाज द्यावासा वाटतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज कुट-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली तिचं नावच 'सहावी पूना डिव्हिजन'. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून खायला दिले. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी सुरुवातीला ते मांस नाकारलं आणि हिरड्या सुजून, अंगावर डाग उठून आजारी पडले. शेवटी सुमारे तेरा हजार लोक शरण गेले, आणि त्यातले कितीतरी पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. ११७ व्या पलटणीला नंतर 'रॉयल' किताब मिळाला.

आता ऐका. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची आठवण ठेवलेली आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी शिपायांचे आकडे कोरले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून अशा भेदभावाची माफी मागितली. तेव्हा तुमच्या चावडीतल्या पाटीवर नावं नाहीत हे काही एकट्या तुमच्या गावाचं झालेलं नाही. पण आयोगाची यादी आता इंटरनेटवर आहे. नाव, पलटण, कधी कधी बापाचं नाव आणि गावही. गावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून शोधा. खडकीच्या युद्धसमाधीभूमीत पहिल्या महायुद्धातल्या अठराशेवर जणांचं जे स्मारक आहे ते भारतात मेलेल्यांचं, बहुतेक ब्रिटिश. तिथे एकदा जाऊन या. हिरवळ कशी राखली आहे, एकेका दगडाची नोंद कशी आहे ते पाहा, आणि मग आपल्या चावडीकडे पाहा.

टँकरची_वाट
मंगळवार, रात्री १०:४०

सगळं वाचलं. मी सकाळी जे लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण एक लिहायचं राहिलं होतं.

माझ्या सासूबाई सैनिकाची विधवा आहेत. सासरे नोकरीत असतानाच गेले, माझ्या नवऱ्याला त्यांचा चेहरा आठवत नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या. टँकर आला की त्या आधी खाली उतरतात, कारण मी कामावर असते. दोन हंडे, तीन मजले. मी रागावले तर म्हणतात, "तुझ्या सासऱ्यांनी बर्फात ओझी वाहिली." त्यांनाही ही घरपट्टीची माफी लागू आहे हे मला आज या धाग्यावर कळलं. कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तर सुभेदार साहेब, तुमच्या टेबलाला माझा पाठिंबा. फक्त त्या टेबलावर टँकरची नोंदही घ्या. ज्या घरात सैनिक किंवा त्याची विधवा एकटी आहे तिथे पाणी वर चढवून द्यायला माणूस पाठवा. सेवा म्हणायची तर ही म्हणा.

सुभेदार_मेजर_निवृत्त
मंगळवार, रात्री १०:५५

ताई, आईंना नमस्कार. उद्या मला व्यक्तिगत निरोप पाठवा, त्यांचे कागद मी स्वतः येऊन भरून देतो. हंडे वाहायला गल्लीतली पोरं लावू, तेही माझ्याकडे.

आवकजावक
बुधवार, सकाळी ६:३०

मी ३१ वर्षं एका स्थानिक स्वराज्य संस्थेत अभियंता होतो. आतली बाजू सांगतो.

अंदाजपत्रकात नव्या कामाला पैसे पटकन मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. नवं काम दिसतं, त्याचं उद्घाटन होतं, त्यावर नाव येतं. वॉर्डातली कामं 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, निघायची तेव्हा चौकात जवानाचा पुतळा, कारंजं, कमान यांची मागणी यायची. पुतळा बसायचा, तिसऱ्या वर्षी कारंज्याचा पंप बंद, पाचव्या वर्षी बंदुकीचं टोक तुटलेलं. पंप दुरुस्तीची फाइल मी स्वतः चार वेळा फिरवलेली आहे. म्हणून माझं मत तुळशीबागेमागे यांच्या आणि सुभेदार-मेजर यांच्या बाजूचं आहे. नवं स्मारक नको. आहे त्याच्या देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष हवं, दरवर्षीचं, कितीही लहान असो.

गाव हद्दीत येतं तेव्हा ग्रामपंचायतीचं दप्तर हस्तांतरित होतं: मिळकती, कर्मचारी, विहिरी, ट्यूबलाइट, खुर्च्यासुद्धा. त्या यादीत 'चावडी, बांधकाम दगडी, एक' असं येतं. भिंतीतली पाटी येत नाही, कारण तसा रकानाच नाही. वीरगळालाही नाही, बारवेलाही नाही. आणि गावात माजी सैनिक किती, विधवा किती, त्यालाही रकाना नाही. वेशीवरचा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये नेमकं बोट ठेवलंत.

आता कृती. अर्ज एक पानाचा. मागणी एकच: "पाडकामाआधी चावडीचा पंचनामा व्हावा, त्यात पाटीची मापासह नोंद व्हावी, आणि ती नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवण्याची अट कामात घालावी." अटीचा खर्च नगण्य असतो, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. प्रती तीन: पालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, इमारती बांधणारा भवनरचना विभाग, आणि वारसा वास्तू पाहणारा हेरिटेज सेल. तिन्हीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. फोनवर बोललेलं मोजत नाहीत.

तुळशीबागेमागे
बुधवार, सकाळी ८:१०

आवकजावक, "कितीही लहान असो" यावर अडलो. लहान रकमेने माझी तुळई बदलत नाही. पण चुन्याची_घाणी यांनी विचारलं म्हणून काल शिडी लावून पाहिलं. दोन्ही टोकांना खरंच सिमेंटचा गिलावा आहे, वडिलांनी पंचाहत्तर-शहात्तरला करून घेतलेला. सुरी तुळईत दोन इंच सहज गेली. आईला खालच्या खोलीत हलवलं आहे. दादा, एकदा येऊन पाहाल का?

चुन्याची_घाणी
बुधवार, सकाळी ८:२५

शनिवारी दुपारी येतो. तोवर खालून टेकू द्या, आणि गिलावा स्वतः फोडू नका.

वेशीवरचा
रविवार, रात्री ८:३०

उशीर झाला, माफ करा. आवकजावक काका म्हणाले तसा अर्ज दिला, तिन्ही शिक्के मिळाले. शुक्रवारी कनिष्ठ अभियंता येऊन पंचनामा करून गेले. तरुण मुलगा आहे. पाटी बघून म्हणाला, "आमच्या गावच्या शाळेतही अशी आहे, मला ती देणगीदाराची वाटायची." अट घालायचं त्याने लिहून नेलं आहे. अट पडली की कळवीन.

आज सकाळी पाटी काढली. चुन्याची_घाणी दादा स्वतः आले होते. करवतीची तीन पाती झिजली, अडीच तास लागले. आमच्या आत्याची गोधडी बांधली होती. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा पाटी बोटभर पुढे आली आणि चौघांनी एकदम "हं" केलं. मागे भिंतीत तिच्या मापाचा पांढराशुभ्र चौकोन राहिला, त्यावर गवंड्याच्या बोटांचे ठसे अजून आहेत.

पाटी शाळेत नेऊन उभी केली. दादांनी लेप लावला, दुपारी काडीने रंग सोलायला घेतला. रंगाचे थर मोजले तर अकरा. हिरवा, पिवळा, मग परत हिरवा. आण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, काही बोलत नव्हते.

आमच्या गावात लहानपणापासून सगळे सांगतात, २७ गेले, ५ आले नाहीत. दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात २७. आज रंग निघाला तेव्हा कळलं, तो २ नाहीच. ३ आहे. त्याचं खालचं पोट रंगाने बुजलेलं होतं. सदतीस.

आण्णांनी दोनदा बोट फिरवून खात्री केली. मग म्हणाले, "म्हणजे दहा जण आपण मोजलेच नाहीत."

घरी येताना त्यांनी स्वतःहून विचारलं, तो दाखला कुठे मिळतो. डिस्चार्ज बुक ट्रंकेतून काढून ठेवलं आहे.

मोडीवाचक, ती ऑनलाइन यादी मेलेल्यांचीच आहे ना? जे ३२ परत आले त्यांची नावं कुठे मिळतील?

मोडीवाचक
रविवार, रात्री ९:०५

परत आलेल्यांचं काम कठीण आहे, पण अशक्य नाही. गावात कुणाकडे जुनी पदकं आहेत का विचारा. त्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग लागेल. जुन्या ट्रंका, देवघरातले डबे, सोनाराकडे गहाण पडलेलं सगळं. मी पुढच्या रविवारी येतो, भिंग माझ्याकडे आहे.

टँकरची_वाट
रविवार, रात्री ९:२०

आमच्या गावातही अशी पाटी आहे का ते सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, शाळेच्या मागच्या भिंतीत काहीतरी आहे, त्यावर कॅलेंडरचा खिळा ठोकलाय. उद्या टॉर्च घेऊन जाते.

सुभेदार_मेजर_निवृत्त
रविवार, रात्री ९:२२

ताई, खिळा ओढू नका. आधी फोटो.